तात्यांचा क्लच, आमचे गिअर

साताऱ्यात सपाट रस्ता शोधावा लागतो. राजवाड्यावरून मंगळवार तळ्याकडे आणि तिथून यवतेश्वरच्या दिशेने निघालं की रस्ता चढतच जातो. आमचं घर त्या चढावरच होतं. दारात सायकल उभी केली तरी चाकाखाली दगड लावायचा, हा घरातला पहिला नियम. गाडी बाहेर काढायची म्हणजे थेट चढावर उचलायची. मध्येच समोरून म्हशी आल्या आणि थांबावं लागलं, की पुन्हा चढावरच उचलायची. क्लच ज्याच्या हाताला कळला नाही त्याला त्या गल्लीतून बाहेर पडता येत नसे. साठ-सत्तरच्या दशकात जन्मलेली आम्ही भावंडं, चुलत, आत्ते आणि मे महिन्यात येऊन राहणारी मामे-मावस, सगळी त्याच चढावर गाडी शिकलो. आज कुणी पुण्यात आहे, कुणी नवी मुंबईत, एक जण जर्मनीत. तरी एकत्र जमलो की बोलणं फिरून तिथंच येतं: तात्यांची येझदी, अण्णांची प्रिया, मामांची बुलेट आणि त्यांचे तीन तऱ्हेचे क्लच.

तात्या म्हणजे आमचे थोरले काका. त्यांचं एक वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ आहे. "गिअर पायानं पडत नाही रे, हातानं पडतो." लहानपणी याचा अर्थ लागत नव्हता. पाय दाबला की गिअर पडतो हे तर डोळ्यांना दिसत होतं. पुढे त्यांनीच एका रविवारी उघडलेलं इंजिन दाखवलं, तेव्हा उलगडा झाला. गिअरबॉक्समधली दात्यांची चाकं बरीचशी एकमेकांत अडकलेलीच असतात. पाय दाबला की आतला फोर्क सरकतो, त्याच्याबरोबर एक चाक सरकतं आणि त्याच्या अंगाच्या खुंट्या शेजारच्या चाकाच्या खाचांत शिरतात. इंजिनाचा जोर चाकांवर असेल तर खुंट्या खाचांत दाबून बसलेल्या असतात, त्या सुटायला मागत नाहीत. क्लच पूर्ण सुटला आणि त्याच क्षणी अ‍ॅक्सिलरेटर मिटला, की तो जोर जातो, आणि मग पायाला काही कामच उरत नाही. क्लचच्या प्लेटा थोड्याशा जरी एकमेकींना चिकटून फिरत राहिल्या, तर पायाने कितीही लाथ मारा, गिअर ‘खटाक्’ करूनच पडणार. म्हणून कुणी "गिअर कडक पडतात" म्हणालं, की तात्या गिअरच्या लिव्हरकडे बघतसुद्धा नसत. त्यांचा हात आधी डाव्या मुठीकडे जाई.

तात्या पाटबंधारे खात्यात होते. सत्तरच्या दशकात कृष्णेवर धोमचं धरण होत होतं, पुढे कालव्यांची कामं निघाली. त्यांचं वाईच्या बाजूला सारखं जाणं-येणं असे. त्यासाठी त्यांनी येझदी घेतली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून जावा बनत होत्या. १९७३ पासून त्यांच्या टाकीवर येझदी हे नाव आलं. २५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, सिलिंडर एक आणि सायलेन्सर मात्र दोन, दोन बाजूंना. तिचा आवाज पोवई नाक्याकडून गावात शिरला की काकी चहाचं आधण ठेवत, असं आम्ही आजही सांगतो आणि काकींना ते आजही मान्य आहे.

त्या गाडीची एक गंमत नव्या मुलांना सांगितली तर खरी वाटत नाही. किक आणि गिअर यांची लिव्हर एकच. गाडी सुरू करताना ती आत दाबून वर फिरवायची, की तिची किक व्हायची. इंजिन लागलं की तीच लिव्हर आपल्या जागी येऊन गिअर पाडायला मोकळी. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे क्लच न दाबता गिअर बदलता येत असे. पायाने लिव्हर दाबायला सुरुवात केली की त्या हालचालीचा पहिला भाग आतून क्लच उचलायचा आणि पुढचा भाग गिअर बदलायचा. म्हणजे हाताचं काम पायानेच व्हायचं. गावात बरेच लोक या सोयीवर खूश होते. तात्याही ती वापरत, पण त्यांची अट होती: पाय सावकाश उचलायचा. लिव्हर परत येताना क्लच पुन्हा धरतो, म्हणून पाय झटकन काढला तर गाडी हिसका देते. हळू काढला तर मागे बसलेल्याला गिअर बदललेला कळतसुद्धा नाही. काकींच्या मांडीवर दुधाची किटली असायची. तात्यांचा गिअर कसा पडला, हे त्या किटलीच्या झाकणावरून आम्हाला समजत असे.

मला आजही वाटतं की ती रचना फार हुशारीची होती, पण ती माणसाकडून शिस्त मागत असे. आतला स्क्रू आणि हँडलची वायर यांचा मेळ बरोबर बसला नाही तर एकीकडे क्लच पुरता सुटत नसे, दुसरीकडे पुरता धरत नसे. बरेच लोक आतला स्क्रू सोडून फक्त वरची वायर आवळत बसत. तात्यांचा क्रम ठरलेला होता. आधी वायर पूर्ण सैल करायची, मग आतली जुळणी, आणि सगळ्यात शेवटी हँडलजवळची ढील. ती ढील मोजायला त्यांच्याकडे एक जुना रुपया होता. लिव्हर जिथं होल्डरमध्ये बसते त्या फटीत नाणं जेमतेम शिरलं पाहिजे. कंपन्यांच्या पुस्तकांत हेच माप मुळाशी २ ते ३ मिलिमीटर किंवा लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर असं दिलेलं असतं. ढील अजिबात नसली तर क्लच कायम थोडा उचललेला राहतो, घसरतो, प्लेटा जळतात. जास्त असली तर पूर्ण दाबूनही तो सुटत नाही आणि सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. तो रुपया हल्ली त्यांच्या मुलीच्या, आमच्या ताईच्या, पर्समध्ये असतो.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, प्रिया. तिच्याबद्दल साताऱ्याच्या माणसाला वेगळा जिव्हाळा, कारण ती आमच्याच गावात बनायची. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना साताऱ्यात होता, आणि गल्लीतल्या दोन-तीन घरांतले लोक तिथं कामाला होते. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबण्याचे ते दिवस. प्रियाचे गिअर डाव्या मुठीत. क्लच दाबायचा आणि लिव्हरसकट सगळी मूठच फिरवायची. पहिला एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या बाजूला, न्यूट्रल पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये. इथे पायाला खरोखरच काही काम नव्हतं. तात्यांचं वाक्य या गाडीला तंतोतंत लागू होतं. क्लचची एक वायर आणि गिअरच्या दोन, अशा तीन वायरी हँडलमधून खाली जात. गिअरच्या दोन वायरींपैकी एक ताणली गेली की मुठीवरचा आकडा आणि आतला गिअर यांची फारकत व्हायची. अण्णा शाळेत गणित शिकवत. ते दर महिन्याला दोन्ही वायरींचा ताण स्वतः सारखा करत. त्या कामात त्यांना कुणाची मदत चालत नसे.

आणि मामा. फौजेतून निवृत्त होऊन आले ते बुलेट घेऊनच. बुलेटचा गिअर तेव्हा उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. पहिला वर, बाकीचे तीन खाली. शिवाय टाचेखाली एक छोटी वेगळी लिव्हर, दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्यातून थेट न्यूट्रलमध्ये आणणारी. सकाळी मामा अंगणात आले की आधी क्लच दाबून दोन-तीन रिकाम्या किका मारत. रात्रभर उभ्या गाडीत तेलाने प्लेटा एकमेकींना धरून बसलेल्या असतात. क्लच दाबून किक मारली की इंजिन फिरत नाही, पण प्लेटा सुटतात. मग गाडी सुरू करून पहिला टाकला तरी धक्का बसत नाही. त्या रिकाम्या किका म्हणजे आमच्यासाठी शाळेला उठायची वेळ.

एका घरात हाताचा गिअर, डाव्या पायाचा गिअर आणि उजव्या पायाचा गिअर! सकाळी प्रियावरून दळण आणायचं आणि संध्याकाळी बुलेटवर मामांना स्टँडवर सोडायचं, यात पायांची ओढाताण व्हायची. पण तिन्हींत डावा हात तोच होता, त्याचं काम तेच होतं. आमच्या पिढीला गाडी बदलली तरी हात बदलावा लागला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

पावसाळ्याच्या आधीचा एक रविवार क्लचच्या वायरींचा असायचा. साताऱ्याचा पाऊस म्हणजे काही गंमत नाही. जून ते सप्टेंबर वायरींच्या आवरणात पाणी शिरायचं आणि आतली तार गंजायची. गंजलेली तार जड चालते, जड चाललेल्या क्लचने मनगट दुखतं, आणि मनगट दुखायला लागलं की माणूस क्लच अर्धवट दाबून गिअर मारतो. सगळं तिथून बिघडतं. म्हणून तात्या वायरी काढून ओट्यावरच्या खिळ्यांना टांगत. वरच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळून द्रोण करायचा, दोऱ्याने घट्ट बांधायचा, त्यात पातळ तेल ओतायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी खालच्या टोकातून तेलाचे थेंब पडायला लागले की वायर तयार. आधी काळं, मग तांबूस, मग स्वच्छ असं तेल उतरायचं, आणि ते स्वच्छ होईपर्यंत तात्या वायर उतरवू देत नसत. (पुढे आतून नायलॉनचं अस्तर असलेल्या वायरी आल्या. त्यांना तेल घालू नका असं कंपन्या सांगतात, आणि ते बरोबर आहे. त्यात तेलाला धूळ चिकटून वायर उलट जड होते.) वायर परत बसवताना तिला कुठे काटकोनात वळू द्यायचं नाही, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघायचं. आणि लांबच्या प्रवासाला निघताना जुन्या वायरीशेजारी नवी वायर बांधून ठेवायची, टोकं झाकून. पसरणीच्या घाटात एकदा आत्तेभावाच्या हातात लिव्हर लटकली. तार आतल्या आत झिजत आली होती, ती तुटली. शेजारी बांधलेली वायर दोन्ही टोकांना अडकवून पंधरा-वीस मिनिटांत ते सगळे पाचगणीला पोचले. तो आत्तेभाऊ आज स्वतः आजोबा झाला आहे, पण ती गोष्ट सांगताना अजून उभा राहतो.

दर काही वर्षांनी मोठं काम निघायचं, क्लच उघडायचं. त्यासाठी गॅरेजवाले चाचा घरी येत. ते तात्यांचे मित्र होते आणि आमचे दुसरे गुरू. इंजिनाचं झाकण उघडलं की खाली तेल पडू नये म्हणून परात लागायची. काकींची पुरणाची परात एकदा त्या कामाला गेली, त्यानंतर एक जुनी घमेल्यासारखी परात क्लचच्या नावाने वेगळी काढली गेली. आत कॉर्कच्या प्लेटा आणि पोलादी प्लेटा एकाआड एक, बाहेरून स्प्रिंगा त्यांना आवळून धरणाऱ्या. चाचा प्रत्येक पोलादी प्लेट पुसून काचेवर ठेवत. ती काच आमच्याच खिडकीची, तडा गेलेली, म्हणून जपून ठेवलेली. प्लेट काचेवर कुठेही डुगडुगली किंवा खालून पातळ पट्टी सरकली, म्हणजे ती तापून वाकली आहे. वाकलेली प्लेट कधी पूर्ण सुटत नाही. स्प्रिंगा शेजारी शेजारी उभ्या करायच्या. एखादी बुटकी दिसली तर सगळा संचच बदलायचा, एकटी नाही, कारण दाब एका बाजूला जास्त पडला तर प्रेशर प्लेट तिरकी उचलते.

पण चाचांचं खरं लक्ष असायचं ते प्लेटा ज्या डब्यात बसतात त्याच्या खाचांवर. प्लेटांचे कान त्या खाचांच्या कडांवर वर्षानुवर्षं आपटतात आणि तिथे बारीक खळगे पडतात. क्लच दाबला की प्लेटांनी खाचेतून सरळ सरकायला हवं, पण त्यांचे कान त्या खळग्यांत अडकतात. क्लच हाताला मऊ लागतो, वायर नवी असते, ढील बरोबर असते, आणि तरी गिअर कडक. कारण हे. "आरं, बाहेरनं कितीबी आवळ-सोड कर," चाचा म्हणायचे, "आतली वाट साफ नसली तर प्लेट सुटणारच न्हाय." मग पातळ कानस घेऊन ते त्या कडा इतक्या हलक्या हाताने सपाट करत की कानशीचा आवाज जेमतेम ऐकू यावा. जास्त घासलं तर खाच रुंद होते आणि प्लेट खडखडते. कमी घासलं तर खळगा राहतो. एका खाचेला जितकं घासायचं तितकंच सगळ्यांना. हे काम बघणं म्हणजे आमच्यासाठी सिनेमापेक्षा मोठं होतं. आज मी खात्रीने सांगू शकतो की जुन्या मोटरसायकलचे गिअर मऊ करण्यासाठी या एका कामाइतकं फळ दुसरं कुठलंच देत नाही, आणि घाईच्या गॅरेजांमध्ये हेच काम सगळ्यात आधी टाळलं जातं.

नव्या प्लेटा पुण्याहून, नाना पेठेतून यायच्या. तिथे दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं ओळीने होती. प्लेटा आणल्या की त्या रात्रभर तेलात बुडवून ठेवायच्या. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच दिवशी घासून जळतात. झाकण लावताना बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, एकदम एकच नाही. हे सगळं आमच्यापैकी कुणी वहीत लिहिलं नाही, कुणाला गरज पडली नाही.

चालवणं शिकवलं यवतेश्वरच्या घाटात. तात्या मागे बसत आणि बोलत नसत; खांद्यावर नुसता हात. चुकलं की हात जड व्हायचा. लिव्हरवर बोटं ठेवून गाडी चालवायची नाही, हा पहिला धडा, कारण नुसत्या बोटांच्या वजनानेही ढील संपते आणि प्लेटा घासायला लागतात. दाबायचा तर पूर्ण दाबायचा, सोडायचा तर अर्ध्यापर्यंत पटकन आणि तिथून पुढे सावकाश. चढावर थांबलं तर गाडी ब्रेकवर धरायची, हाफ क्लचवर लटकवत ठेवायची नाही. इंजिन धापा टाकायच्या आत गिअर उतरवायचा. वर जाऊन परतताना तोच गिअर, ज्यात चढलो त्यात उतरायचं. एसटीच्या ड्रायव्हरांचाही तोच शिरस्ता. येझदीबाबत तात्या आणखी एक सांगत. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून चालणारं इंजिन, लांब उतारावर अ‍ॅक्सिलरेटर अगदी बंद ठेवला तर पेट्रोलबरोबर ऑईलही जात नाही. म्हणून अधूनमधून मूठ थोडी उघडायची.

आम्हा सगळ्यांत हात सगळ्यात चांगला ताईचा. ती तात्यांची मोठी मुलगी. त्या काळात बायकांसाठी लुना होती, पुढे १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, दोन्हींना क्लच दाबायचं काम नाही. ताईला येझदी हवी होती. गल्लीत चर्चा झाली, काकी धास्तावल्या, तात्यांनी तिला चावी दिली. आरटीओत परीक्षेच्या दिवशी आठाचा आकडा काढायचा होता. तो आकडा वेगाने काढता येत नाही. हाफ क्लचवर, मागच्या ब्रेकवर अलगद पाय ठेवून गाडी जवळजवळ चालण्याच्या गतीने फिरवावी लागते. ताईने पाय जमिनीला न टेकवता आठ काढला. बघायला जमलेल्या पोरांमध्ये आम्ही होतो आणि आमची छाती फुगली होती. पुढे तिने आम्हा धाकट्यांना शिकवलं. तिचं शिकवणं तात्यांपेक्षा कडक. डोळे मिटून बसायची आणि गिअर कुठे बदलला ते अंगाला कळलं की पुन्हा करायला लावायची.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, त्याच वर्षी यामाहाची आरएक्स १००. चुलतभावाने नोकरी लागल्यावर पहिली घेतली, आत्तेभावाने दुसरी. घरात दोन पक्ष पडले. सीडी १०० म्हणजे फोर-स्ट्रोक, लिटरला ८० किलोमीटरची जाहिरात, चेन पूर्ण झाकलेली, क्लच बोटाने दाबावा इतका हलका. आरएक्सचं इंजिन ९८ सीसीचं, ताकद ११ अश्वशक्ती, आणि ती उसळी! पण त्या उसळीमुळेच आरएक्सवर हाताचा खरा कस लागायचा. मूठ उघडी ठेवून क्लच सोडला तर पुढचं चाक उचलायचं. तात्या दोन्ही चालवून आले आणि सीडीकडे बोट दाखवून म्हणाले, "हिच्यात इंजिनाचं ऑईल तेच क्लचचं ऑईल. आता ऑईल सांभाळा."

तेच पुढे खरं ठरलं. येझदीत क्लच आणि गिअरचं ऑईल वेगळं होतं, पेट्रोलमधलं वेगळं. फोर-स्ट्रोकमध्ये एकच ऑईल इंजिनही सांभाळतं, गिअरही आणि त्या ऑईलमध्येच क्लचच्या प्लेटा भिजतात. नंतरच्या काळात गल्लीतल्या एका काकांनी मोटारीसाठी आणलेलं महागाचं ऑईल उरलं म्हणून मोटरसायकलमध्ये घातलं. थोड्याच दिवसांत टॉप गिअरमध्ये मूठ पिळली की इंजिन ओरडायचं आणि गाडी मात्र तशीच हळू. चाचांनी ऐकूनच ओळखलं. मोटारीच्या काही ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात; इंजिनाला ती चांगली, पण क्लच घर्षणावरच चालतो. म्हणूनच ओल्या क्लचच्या मोटरसायकलींसाठी जपानी ‘जासो एमए’ हे वेगळं प्रमाण १९९८ मध्ये आलं आणि आता ते ऑईलच्या डब्यांवर छापलेलं असतं. आमच्या घरात आज कुणीही डबा विकत घेताना आधी मागची बाजू वाचतो.

आणखी काही गोष्टी सीडीने शिकवल्या. इंजिनाचा बसल्या जागचा वेग जास्त ठेवला तर पहिला गिअर आपटून पडतो. त्या गाडीला १४०० फेऱ्यांच्या आसपास पुरे, आणि मीटर नसल्याने तो कानानेच लावायचा. चेन फार सैल असली तर गिअर बदलताना हिसका बसतो आणि दोष क्लचच्या माथी जातो. गिअरची लिव्हर एखादा दाता वर-खाली बसवली तर पाय सहज पोचतो. बुटाच्या उंचीप्रमाणे ती बदलावी लागते, हे आम्हाला ताईने सांगितलं.

म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, त्याच वर्षी आरएक्स १०० बनणंही थांबलं. प्रिया विकली गेली. मामांनंतर बुलेट पुतण्याकडे गेली, तो ती कोरेगावला वापरतो. तात्या गेले, चाचाही गेले. येझदी घरातच आहे.

माझा भाचा चाकणला बनणारी ३९० सीसीची ड्यूक चालवतो. तिच्यात स्लिपर क्लच आहे, या गाडीला तो २०१५ च्या सुमारास आला. त्याने मला तो उलगडून सांगितला. आतल्या दोन भागांमध्ये तिरके उतार असतात. इंजिन चाकाला ओढतं तेव्हा ते उतार प्लेटा आणखी आवळतात, म्हणून स्प्रिंगा हलक्या चालतात आणि लिव्हर मऊ लागते. आणि एकदम खालचे गिअर मारले, चाकच इंजिनाला ओढायला लागलं, की तेच उतार प्लेटा थोड्या सैल करतात, मागचं चाक उड्या मारत नाही. तो क्विकशिफ्टरबद्दलही बोलला, क्लच न दाबता गिअर. पाय हलला की एक सेन्सर क्षणभर इंजिनाचा जोर तोडतो आणि खुंट्या खाचेतून सुटतात. मी त्याला तात्यांच्या येझदीची लिव्हर सांगितली, पायानेच क्लच उचलणारी. तो बराच वेळ प्रश्न विचारत राहिला. मला त्याचा फार आनंद झाला. या मुलांच्या हाताला आमच्याइतकं काम उरलेलं नाही, पण डोक्यात प्रश्न तेच आहेत आणि उत्तर शोधण्याची ओढही तीच.

गेल्या महिन्यात त्यानेच येझदीवरचं कापड काढलं. टायर बसले होते, टाकीत गंज होता, आणि क्लच दाबून गाडी गिअरमध्ये ढकलली तर मागचं चाक इंजिनासकट अडत होतं. म्हणजे कॉर्क वाळून प्लेटा एकमेकींना चिकटल्या आहेत. जर्मनीतल्या भावाने फोनवर लिव्हर दाबून हँडलला बांधून ठेवायला सांगितलं; दोन दिवस बांधून ठेवली, थोडी सुटली, पुरती नाही. ताई म्हणाली, ओढाताण नको, उघडूनच बघू. तिच्या मते आतल्या खाचा चाचांनंतर कुणी घासलेल्या नाहीत आणि ती बरोबर असणार.

दिवाळीत सगळे येताहेत. कॉर्कच्या प्लेटांचा संच मिळाला आहे, तो पाडव्याच्या आदल्या रात्री तेलात घालायचा आहे. वायर आत्तेभाऊ नव्याने बनवून आणतो आहे. भाच्याला खाचा घासायला शिकायचं आहे, कानस ताई धरणार आहे आणि तो बघणार आहे. पहिल्या दोन खाचा तिच्या, पुढच्या त्याच्या. परात काकींनी माळ्यावरून काढून ठेवली आहे. काच मात्र घर रंगवताना फुटली, तेव्हा गावातून जाड काचेचा एक तुकडा आणायचा राहिला आहे. तो मी शनिवारी आणतो.